इंग्रजीतलं सर्वनाम नक्की कोणाचं? हिज, हर, इट्स आणि देअरचा घोळ

अर्धविराम (धागालेखक)

दुसऱ्यांनी लिहिलेलं इंग्रजी तपासून देणं हे माझं काम. अहवाल, निबंध, अर्ज, संशोधनाचे मसुदे, काय वाट्टेल ते येतं. स्पेलिंग हल्ली यंत्रच सुधारतं, काळाच्या चुकाही पूर्वीइतक्या दिसत नाहीत. सर्वनामं मात्र हटायला तयार नाहीत.

नियम तसा एका ओळीचा आहे. सर्वनाम ज्या नामाच्या बदली येतं त्या नामाला इंग्रजी व्याकरणात अँटिसीडंट म्हणतात, आणि या दोघांचं वचन, लिंग आणि पुरुष जुळायला हवेत. 'द गर्ल लॉस्ट हर पेन.' 'द बॉइज लॉस्ट देअर पेन्स.' झालं. पुस्तकं यानंतर लगेच 'एव्हरीवन' आणि 'ईच' या शब्दांकडे वळतात आणि पुढची दोन-तीन पानं त्यांच्यावरच घालवतात.

माझं म्हणणं असं की ही पुस्तकं ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्या चुका डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली आहेत. मराठीत विचार करणारा माणूस अडखळतो ती ठिकाणं निराळी. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात असं काही सापडतं:

'माय फादर इज अ डॉक्टर. दे वर्क इन अ हॉस्पिटल.'

'सुनीता कॉल्ड हिज ब्रदर.' (इथे भाऊ सुनीताचाच आहे.)

'इफ अ पर्सन वॉन्ट्स टू लर्न, यू शुड प्रॅक्टिस डेली.'

'द कंपनी हॅज चेंज्ड देअर पॉलिसी अँड इट विल इन्फॉर्म इट्स कस्टमर्स.'

ही चारही वाक्यं लिहिणाऱ्यांना नियम तोंडपाठ असतो, तरी चूक होते. ती का होते यावर बोलू या. आणि ज्यांना भांडायचंच आहे त्यांच्यासाठी नेहमीचा प्रश्न: 'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर बुक' हे चूक की बरोबर?

खोडरबर

चूक. 'एव्हरीवन' एकवचनी. क्रियापद 'इज' लागतं, 'आर' नाही. मग सर्वनामही एकवचनीच हवं, 'हिज' किंवा फार तर 'हिज ऑर हर'. ईच, आयदर, नाइदर, एव्हरीबडी, एनीवन, समबडी, नोबडी या सगळ्यांना हेच लागू. बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल हे अनेकवचनी. सम, ऑल, मोस्ट, एनी हे दोन्हीकडचे, त्यांच्या पुढच्या 'ऑफ' नंतर काय येतं ते बघायचं: 'सम ऑफ द मिल्क लॉस्ट इट्स फ्लेवर', 'सम ऑफ द बॉइज लॉस्ट देअर कॅप्स'.

मी स्पर्धा परीक्षांसाठी शिकवतो. चार पर्यायांत 'देअर' आणि 'हिज' दोन्ही असतील आणि कर्ता 'ईच' असेल तर मुलांना 'हिज' वर खूण करायला सांगतो. भाषा कुठे चालली आहे याच्याशी उत्तरपत्रिकेला देणंघेणं नसतं.

चौकस

खोडरबर काका, एक शंका. 'एव्हरीवन' जर खरंच एकवचनी असेल तर हे वाक्य बरोबर म्हणायचं का: 'एव्हरीवन केम टू द मीटिंग, अँड आय थँक्ड हिम'? मला तर वाचताना असं वाटतं की सगळे आले आणि मी त्यातल्या कुठल्या तरी एकाच बाप्याचे आभार मानले.

खोडरबर

तिथे 'देम' येईल. पण ते दुसरं उपवाक्य झालं.

चौकस

म्हणजे त्याच उपवाक्यात एकवचन आणि स्वल्पविराम ओलांडला की अनेकवचन? मग क्रियापदाला जे वचन लागतं तेच सर्वनामाला लागतं या नियमातच काहीतरी राहून गेलंय. 'एव्हरीवन' रूपाने एकवचनी आहे, अर्थाने नाही. क्रियापद शेजारीच असतं, त्यामुळे ते रूपाकडे बघतं. सर्वनाम जितकं लांब जाईल तितकं ते अर्थाकडे झुकतं.

जुनाट टंक

चौकस यांचा मुद्दा बरोबर आहे आणि तो नवीनही नाही. थोडा इतिहास टाकतो, कारण 'देअर' म्हणजे अलीकडच्या लोकांचा फाजीलपणा असा पुष्कळांचा समज असतो.

दे, देम, देअर ही रूपं मुळात इंग्रजीची नव्हेतच. व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून ती आली. एका व्यक्तीसाठी 'दे' वापरल्याची ऑक्सफर्ड कोशाने दिलेली सर्वांत जुनी लेखी नोंद १३७५ सालची आहे. पुढे चॉसर, शेक्सपिअर, जेन ऑस्टिन, सगळ्यांच्या लिखाणात हा वापर सापडतो. कोणाला खटकत नव्हता.

खटकायला लागला तो अठराव्या शतकात, लॅटिनच्या मापाने इंग्रजीचं व्याकरण बेतलं जाऊ लागलं तेव्हा. पुल्लिंगी रूप स्त्री-पुरुष दोघांनाही चालेल हा नियम छापील व्याकरणात आणणाऱ्या सुरुवातीच्या लेखकांत ॲन फिशर यांचं नाव घेतात. त्या स्वतः शिक्षिका होत्या, बाई होत्या, हे लक्षात घ्या. मग १७९५ साली लिंडली मरे यांचं व्याकरण आलं, ते शाळाशाळांत गेलं आणि 'देअर' चूक हे पिढ्यान्‌पिढ्या घोकलं गेलं. १८५० मध्ये ब्रिटिश संसदेने कायदाच केला की अधिनियमांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश आहे असं समजावं. तो कायदा मसुदे आटोपशीर करण्यासाठी होता, व्याकरणासाठी नव्हे, पण 'ही' ला त्यातून सरकारी शिक्का मिळाला.

पानगळ

आणि मधल्या काळात कोणी नवीन सर्वनाम काढून बघितलं नाही का? मला वाटलं होतं हा सरळ उपाय आहे.

जुनाट टंक

खूप जणांनी काढली. त्यातलं सगळ्यात लांब टिकलेलं 'थॉन'. चार्ल्स क्रोझट कन्व्हर्स नावाच्या अमेरिकन वकील-संगीतकाराने 'दॅट' आणि 'वन' जोडून ते बनवलं आणि १८८४ मध्ये लोकांपुढे मांडलं. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात त्याला जागाही मिळाली. १९६१ च्या पुढच्या आवृत्तीत ते गाळलं गेलं, कारण वापरणारं कोणी नव्हतं. नामं आणि क्रियापदं भाषेत रोज नवी येतात, सर्वनामं सहसा येत नाहीत. ती फार खोल रुतलेली असतात.

खोडरबर

इतिहास मान्य. पण चुकीची गोष्ट जुनी असली म्हणून बरोबर होत नाही. आणि 'दे' एकवचनी मानलं तर 'दे इज' म्हणायचं का?

जुनाट टंक

'यू' चं काय करता मग? 'यू' मुळात अनेकवचनी. एका माणसासाठी 'दाऊ' होतं. आधी आदरार्थी म्हणून एकाला 'यू' म्हणायला लागले, नंतर 'दाऊ' व्यवहारातून गेलंच. हे चाललेलं असताना लोक चिडलेही होते. क्वेकर पंथाच्या जॉर्ज फॉक्सने १६६० मध्ये एकाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यू' हेच शुद्ध, असं ठासून सांगणारं पुस्तक काढलं. आज तुम्ही एका विद्यार्थ्याला 'यू आर लेट' म्हणता, 'यू इज' म्हणत नाही. क्रियापद अनेकवचनी राहिलं, माणूस एक. 'दे आर' तसंच.

आणि आजची स्थिती म्हणाल तर अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपुस्तिकेची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली, तिने एकवचनी 'दे' वापरा असं स्पष्ट सांगितलंय. जगभरचे कितीतरी शोधनिबंध त्याच पुस्तिकेप्रमाणे लिहिले जातात. मेरियम-वेबस्टर कोशाने त्याच वर्षी 'दे' ला वर्षाचा शब्द ठरवलं.

कच्चा_लिंबू

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, काका वि. टंक चालू द्या.

पानगळ

भांडण रंगलंय खरं, पण धागालेखकांनी दिलेल्या उदाहरणांकडे कोणी बघतच नाहीये! मी लहान मुलांना इंग्रजी शिकवते. पहिलं उदाहरण, वडिलांसाठी 'दे', माझ्या वर्गातही सर्रास येतं. कारण उघड आहे. मराठीत वडील 'ते' असतात, 'तो' म्हटलं तर कानाखाली बसेल. मुलाच्या डोक्यात 'बाबा आले, ते दमले आहेत' असतं, 'ते' म्हणजे 'दे' हे त्याने पाठ केलेलं असतं, दोन्ही जोडून टाकतो. आईचं तसं होत नाही, कारण बहुतेक मुलं आईला 'ती' च म्हणतात. पण बाईंचं होतं. 'टीचर केम अँड दे सेड...'

मी त्यांना सांगते की इंग्रजीत आदर सर्वनामात बसत नाही. 'सर', 'मॅडम', 'मिस्टर' यात बसतो, क्रियापदाच्या आधी 'वुड यू' लावण्यात बसतो. राणीबद्दलसुद्धा 'शी' च लिहितात, आणि त्यात कोणाला तिचा अपमान वाटत नाही.

अर्धविराम

पानगळ ताई, हे नेमकं. आणि इथे जुनाट टंक यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक लक्षात घ्यायला हवं. एकवचनी 'दे' रुळल्यामुळे आपली ही चूक आता झाकली जाते. 'माय टीचर सेड दे वुड हेल्प मी' हे वाक्य आज इंग्रज वाचकाला चूक वाटणारच नाही. त्याला वाटेल की लिहिणाऱ्याला शिक्षक बाई की पुरुष हे सांगायचं नाहीये, किंवा त्या व्यक्तीने स्वतःसाठी 'दे' निवडलंय (स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणारे काही जण तसं करतात). लिहिणाऱ्याच्या मनात यातलं काहीच नसतं, त्याला फक्त आदर दाखवायचा असतो. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअरही काही बोलत नाही. अर्थ मात्र बदललेला असतो.

म्हणून माझ्याकडच्या लोकांना मी सांगतो: व्यक्ती माहीत आहे, ती 'ही' की 'शी' हे माहीत आहे, तर ते लिहा. 'दे' ठेवा अनोळखी किंवा 'कोणीही' अशा माणसासाठी, आणि जो स्वतःला 'दे' म्हणवून घेतो त्याच्यासाठी.

आडवळण

दुसऱ्या उदाहरणाबद्दल. 'सुनीता कॉल्ड हिज ब्रदर' हे मला कोड्यासारखं वाटतं. हिंदीभाषकाची चूक मी समजू शकतो, तिथे 'उसका' मधून मालक पुरुष की स्त्री ते कळतच नाही. मराठीत तर 'त्याचा' आणि 'तिचा' वेगळे आहेत. मग मराठी माणूस का चुकतो?

अर्धविराम

कारण त्या वाक्यात मराठी माणूस 'तिचा' म्हणतच नाही. तो म्हणतो, 'सुनीताने आपल्या भावाला फोन केला.' 'तिच्या भावाला' म्हटलं तर मनात लगेच येतं, कोणाच्या? दुसऱ्याच कुठल्या तरी बाईच्या? मालक कर्ताच असेल तर मराठीचा स्वाभाविक शब्द 'आपला'. (हल्ली छापील मजकुरात 'सुनीताने तिच्या भावाला' खूप दिसतं. ही इंग्रजी वाक्यरचनेची सावली, पण तो वेगळा धागा होईल.)

आता 'आपला' मध्ये काय असतं ते बघा. मालक कर्ता आहे एवढंच त्यातून कळतं. मालकाचं लिंग कळत नाही. शेवटचा 'ला' किंवा 'ली' जी वस्तू वा व्यक्ती मालकीची आहे तिच्याप्रमाणे बदलतो: आपला भाऊ, आपली बहीण, आपलं घर. इंग्रजीत नेमकं उलटं. 'हिज' आणि 'हर' मागे मालकाकडे बघतात, पुढच्या नामाशी त्यांचा काही संबंध नसतो. मराठी डोकं सवयीने पुढच्या नामाकडे बघतं, तिथे 'भाऊ' दिसतो, पुरुष, आणि हातातून 'हिज' उतरतं. 'रमेश लव्ह्ज हर मदर' सुद्धा याच वाटेने येतं.

उपाय म्हणून मी लोकांना सांगतो की हिज, हर, इट्स, देअर लिहिण्याआधी पेन्सिलीने मागे बाण काढा, पुढे नाही. बाण ज्या नामावर जाऊन पडेल त्याचं लिंग-वचन घ्या. पुढचं नाम तात्पुरतं बोटाने झाका हवं तर. पोरकट वाटतं, पण मोठ्या माणसांनाही उपयोग होतो.

चौकस

आणि 'आपापला' विसरलात! 'प्रत्येकाने आपापलं पुस्तक आणावं.' लिंगाचा प्रश्न नाही, ज्याचं त्याचं पुस्तक हेही आलं. 'एव्हरीवन' चं अख्खं भांडण मराठीत होतच नाही.

खोडरबर

'प्रत्येकाने' मधला पुल्लिंगी 'ने' मोजला नाहीत वाटतं. 'प्रत्येकाने', 'प्रत्येकीने' असा फरक आहेच की. मराठीतही पुल्लिंगात सगळे धरायची प्रथा आहे, तेव्हा इंग्रजीच्या 'हिज' ला एवढी नावं ठेवू नका.

चौकस

'ने' पुल्लिंगी नाही, 'प्रत्येका' आणि 'प्रत्येकी' यात फरक आहे. पण मुद्दा पोचला, आणि तो योग्य आहे.

आडवळण

'आपण' चा अजून एक फायदा. 'रमेशने सुरेशला सांगितलं की आपण नापास झालो.' इथे नापास कोण झालं याबद्दल फारशी शंका राहत नाही, रमेशच. तेच इंग्रजीत 'रमेश टोल्ड सुरेश दॅट ही हॅड फेल्ड' केलं की दोघांपैकी कोणीही नापास होऊ शकतो. वचन जुळतं, लिंग जुळतं, पुरुष जुळतो, आणि तरी वाक्य निकामी. म्हणजे जुळणी तपासून काम भागत नाही.

अर्धविराम

अगदी. माझ्या मते तर आधी नाम नक्की करायचं आणि मग जुळवायचं. वर्गात बहुतेक वेळा उलटं शिकवतात, जुळणी आधी आणि संदिग्धता कुठेतरी शेवटच्या धड्यात.

रमेश-सुरेशच्या वाक्यावर सगळ्यात सोपा उतारा म्हणजे थेट बोलणं द्यायचं: 'रमेश टोल्ड सुरेश, आय हॅव फेल्ड.' नाहीतर नाम परत लिहायचं. इंग्रजीत नाम परत लिहिलं की शैली बिघडते अशी भीती शाळेतून घातलेली असते, तिने फार नुकसान केलंय. सूचनापत्रकात हे बघा: 'रिमूव्ह द कव्हर फ्रॉम द मशीन अँड क्लीन इट.' पुसायचं काय, झाकण की यंत्र? 'क्लीन द कव्हर' लिहिलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

'विच' चंही तसंच. 'द मॅनेजर रिजेक्टेड द प्रपोजल, विच वॉज अनफेअर.' प्रस्ताव अन्यायाचा होता की तो फेटाळणं? 'विच' ने अख्ख्या घटनेकडे बोट दाखवायला माझी हरकत नाही, काही कडक लोकांची असते. पण शेजारी एखादं नाम तयार उभं असेल तर वाचक ते उचलणारच.

बायनरी_बाबू

संगणकवाल्याची पिंक. सर्वनामाचं नाम शोधणं हा यंत्रांसाठी फार जुना प्रश्न आहे. टेरी विनोग्राड यांनी १९७२ मध्ये दिलेलं उदाहरण आमच्याकडे सगळ्यांना पाठ असतं. मराठीत सांगतो: नगरसेवकांनी निदर्शकांना परवानगी नाकारली, कारण 'दे' हिंसाचाराला घाबरत होते. इथे 'दे' कोण? नगरसेवक. आता 'घाबरत होते' च्या जागी 'हिंसाचाराचा पुरस्कार करत होते' घाला. 'दे' लगेच निदर्शक होतात. मधे एकच क्रियापद बदललं. दोन्ही नामं अनेकवचनी, दोन्ही माणसं, त्यामुळे व्याकरणाची कुठलीच खूण मदतीला येत नाही. जग कसं चालतं हे माहीत असेल तरच उत्तर येतं. पुढे अशा जोड्यांची यंत्रांसाठी एक परीक्षाच तयार झाली, तिला विनोग्राड यांचंच नाव आहे.

त्यामुळे अर्धविराम म्हणतात ते खरं. वचन-लिंग-पुरुष ही चाळणी आहे, उमेदवार कमी करते. निवड नेहमीच करत नाही.

आडवळण

काही वेळा वाक्याची रचनाच उमेदवार बाद करते. 'व्हेन ही केम होम, राहुल वॉज टायर्ड' यात 'ही' म्हणजे राहुल असू शकतो, नाम सर्वनामाच्या नंतर आलं तरी. पण 'ही वॉज टायर्ड व्हेन राहुल केम होम' म्हटलं की 'ही' राहुल राहत नाही, कोणी दुसराच होतो. हा नियम शाळेत कोणी शिकवत नाही, आणि तरी इंग्रजी बोलणारा प्रत्येक जण तो पाळतो. मराठीत 'राहुल घरी आला तेव्हा तो दमलेला होता' आणि 'तो राहुल घरी आला तेव्हा दमलेला होता' करून बघा.

पानगळ

दुसरं वाक्य मला 'तो राहुल, हा नव्हे' असं ऐकू आलं! मराठीत 'तो' दर्शकही आहे ना. उदाहरण फसलं, कल्पना कळली.

कच्चा_लिंबू

माझा साधा प्रश्न, हसू नका. टीम 'इट' की 'दे'? मॅचच्या बातम्यांत दोन्ही दिसतं.

जुनाट टंक

ब्रिटिश इंग्रजीत टीम, कमिटी, गव्हर्नमेंट यांना दोन्ही चालतं: एक घटक म्हणून 'इट', माणसं म्हणून 'दे'. अमेरिकन इंग्रजीत सहसा 'इट'. दोन्हींपैकी काहीही घ्या, पण घेतलं ते शेवटपर्यंत ठेवा. धाग्यातलं चौथं उदाहरण तिथेच पडतं, अर्ध्या वाक्यात 'देअर' आणि लगेच 'इट'.

जाता जाता, जहाजाला 'शी' म्हणायची पद्धतही आता उतरणीला लागली आहे. जहाज व्यापाराचं जुनं दैनिक लॉइड्स लिस्ट २००२ पासून 'इट' लिहू लागलं.

चौकस

'नाइदर-नॉर' राहिलं.

खोडरबर

ते मी सांगतो. 'अँड' ने जोडलेली दोन नामं अनेकवचनी. 'ऑर' किंवा 'नॉर' ने जोडली की जवळच्या नामाप्रमाणे: 'नाइदर द मॅनेजर नॉर द क्लर्क्स ब्रॉट देअर फाइल्स.' म्हणून अनेकवचनी नाम नेहमी दुसरं ठेवावं, कानाला बरं लागतं. 'ईच' आणि 'एव्हरी' पुढे 'अँड' आलं तरी एकवचनच: 'एव्हरी कप अँड सॉसर वॉज इन इट्स प्लेस.' 'आयदर रवी ऑर मीना' असेल तर 'हिज' ही नाही, 'हर' ही नाही, वाक्यच बदलायचं. या बाबतीत टंक साहेबांचं 'देअर' चालतं असं लोक म्हणतात, मला ते रुचत नाही.

पुरुषाची चूक म्हणजे तिसरं उदाहरण. 'पर्सन' पासून सुरू करून 'यू' वर उडी. मराठीत 'माणसाने शिकायचं ठरवलं तर तुम्ही रोज सराव करायला हवा' असं आपण बोलताना म्हणून जातो, लिहिताना कानाला टोचतं. इंग्रजीतही तेवढंच टोचायला हवं.

आडवळण

परीक्षांचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा, खोडरबर काकांसाठी खास. अमेरिकेत २००२ च्या पीएसएटी या शाळकरी मुलांच्या परीक्षेत चूक शोधा प्रकारचा एक प्रश्न होता. वाक्यात लेखिका टोनी मॉरिसन यांच्या प्रतिभेचा उल्लेख होता आणि ती प्रतिभा 'हर' ला म्हणजे मॉरिसन यांना लिहायला समर्थ करते अशी रचना होती. अधिकृत उत्तर: चूक नाही. एका शिक्षकाने आक्षेप घेतला की 'मॉरिसन्स' हे षष्ठीचं रूप, ते विशेषणाचं काम करतं, आणि विशेषण सर्वनामाचं अँटिसीडंट होऊ शकत नाही. काही जुन्या पुस्तकांत हा नियम खरंच आहे. पत्रव्यवहार चालला आणि २००३ मध्ये परीक्षा मंडळाने तो प्रश्न बाद करून गुण पुन्हा मोजले.

खोडरबर

वा! हेच म्हणत होतो. नियम माहीत असणाऱ्याने परीक्षा मंडळाला वाकवलं.

जुनाट टंक

वाकवलं खरं, पण नियम बोगस होता हो. 'राहुल्स मदर लव्ह्ज हिम' या वाक्यात 'हिम' म्हणजे राहुल हे कळायला कोणाला त्रास होतो? तो नियम शब्दशः पाळला तर इंग्रजीतलं निम्मं गद्य लाल शाईने भरेल. मंडळ वाद टाळायला मागे हटलं एवढंच.

खोडरबर

तरी मुलांना मी असं वाक्य लिहू देणार नाही. तपासणारा कोण निघेल सांगता येत नाही.

करारनामा

उशिरा आलो, धागा आवडला. मी भाड्याचे करार इंग्रजीत लिहितो. जुन्या नमुन्यात असं वाक्य आहे: 'द सेड टेनंट शॅल इन्फॉर्म द ओनर इन रायटिंग बिफोर ही लीव्ह्ज द प्रिमायसेस.' भाडेकरू बाई असेल तर 'शी' करायचं का? 'ही ऑर शी' लिहिलं तर करारभर तेच दिसतं. 'दे' लिहायला हात धजत नाही, भाडेकरू दोन आहेत असा अर्थ कोणी काढला तर?

अर्धविराम

तुमची भीती रास्त आहे, करारात 'दे' मी पण टाळतो. पण त्या वाक्यात लिंग हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की 'ही' म्हणजे भाडेकरू की मालक? मालकही त्याच इमारतीत राहत असेल आणि तो सोडून जाणार असेल तर? आणि मालक एखादी कंपनी असेल तर 'ही' ऐवजी 'इट' लागेल, मग वाक्य अजूनच विचित्र दिसेल.

करारात नामच परत लिहा: 'द टेनंट शॅल इन्फॉर्म द ओनर इन रायटिंग बिफोर द टेनंट लीव्ह्ज द प्रिमायसेस.' ऐकायला खडखडीत, पण इथे कोणी शैलीचे गुण देणार नाही. किंवा सर्वनामच उडवा: 'बिफोर लीव्हिंग द प्रिमायसेस, द टेनंट शॅल इन्फॉर्म द ओनर इन रायटिंग.' हे मला जास्त आवडतं. 'लीव्हिंग' चा कर्ता मुख्य वाक्याचा कर्ताच असतो, त्यामुळे दुसरा उमेदवार उरत नाही.

जुनाट टंक

शेवटची रचना उत्तम. फक्त मुख्य वाक्य 'द ओनर शॅल बी इन्फॉर्म्ड' असं कर्मणी करू नका, नाहीतर घर मालक सोडतोय असं होईल.

करारनामा

'बिफोर लीव्हिंग' घेतो. 'द सेड टेनंट' मधलं 'सेड' ठेवू का?

अर्धविराम

काढा. करारात भाडेकरू एकच आहे, 'सेड' तिथे काहीच काम करत नाही.

खोडरबर

राहू द्या. पक्षकारांना बरं वाटतं.